संख्यारेषेवरचा गुणाकार आणि भागाकार : प्रकल्प नोंदी, पुणे

२३ जून २०२५

कामाची हद्द ठरली. तिसरीचे दोन वर्ग, एक मराठी माध्यमाचा आणि एक सेमी-इंग्रजी. दिवाळीच्या आधी चौथीचा एक वर्ग जोडायचा. साधन एकच, संख्यारेषा, पण चार रूपांत : जमिनीवर आखलेली, मण्यांच्या माळेची, बाकावरच्या पट्टीची आणि शेवटी वहीत हाताने ओढलेली, आकडे नसलेली. याच क्रमाने जायचे.

पाढे म्हणून घेणे थांबवायचे नाही. 'सात अठ्ठे' अडले की बहुतेक मुले 'सात एके सात'पासून पुन्हा धावत येतात. रेषेची सवय असलेले मूल जवळच्या ओळखीच्या थांब्यावर, म्हणजे सात साते एकोणपन्नासवर, उभे राहते आणि सातची एकच उडी मारते. प्रकल्पाकडून अपेक्षा एवढीच.

एक निर्णय आत्ताच लिहून ठेवायचा : रेषेवर भागाकाराची सुरुवात समान वाटणीने करायची नाही. वर्गात सहसा तिथूनच सुरुवात होते आणि चिंचोके-खडे घेऊन ती चालतेही. रेषेवर मात्र वाटणी बसत नाही, कारण उडी केवढी मारायची तेच माहीत नसते. आधी 'एवढ्या लांबीच्या किती उड्या', मग वाटणी.

२७ जून

जमिनीवरची रेषा. व्हरांड्यात ६ मीटर सरळ जागा मिळते. ० ते २४, दोन खुणांत २५ सेंमी. २४ घेण्याचे कारण, २, ३, ४, ६, ८, १२ या सगळ्यांच्या उड्या त्यावर बरोबर संपतात. २० पर्यंतच रेषा घेतली तर ३ ची उडी शेवटी लोंबकळते आणि ३० ला जागा पुरत नाही.

तिसरीच्या मुलाला ३ ची उडी ७५ सेंमीची पडते, ४ ची १ मीटरची. तेवढी जमते. ५ ची सव्वा मीटर होते, पाय कधी ४ वर पडतो कधी ६ वर, आणि उडी धरायची की पाय पडला ती जागा, यावर भांडण सुरू होते. म्हणून जमिनीवर उड्या २, ३ आणि ४ च्याच. मोठ्या उड्या पट्टीवर.

आखताना पोलादी टेपचे टोक ० वर धरून ठेवायचे आणि २५, ५०, ७५, १०० अशा खुणा सलग घ्यायच्या. २५ सेंमीची काठी पुढे पुढे सरकवत नेली तर दर वेळी दोन-तीन मिमी हलते, आणि २४ घरांत पाच-सात सेंमीचा फरक साठतो. टेप ५ मीटरचाच असेल तर २० च्या खुणेवर नीट थांबून तिथून पुढचा एक मीटर. शहाबादी फरशीच्या सांध्यांना खुणा समजण्याचा मोह टाळावा. फरश्या एकसारख्या दिसतात, नसतात, आणि भिंतीकडची ओळ तर कापलेलीच असते.

आकडा खुणेच्या बरोबर खाली, दहाएक सेंमी उंचीचा. दोन खुणांच्या मध्ये लिहिला तर रेषेची सापशिडी होते, मूल खुणेवर उभे न राहता घरात उभे राहते. सापशिडीत पहिले घर १ चे, सोंगटी पटाबाहेरून येते आणि शून्याला जागाच नसते. संख्यारेषेवर १ पासून उडी सुरू करण्याची खोड तिथलीच. म्हणून ० ची खूण लाल, बाकीच्या निळ्या.

पायाचा कुठला भाग खुणेवर, हेही पहिल्या दिवशीच ठरवावे लागते. या वयाचे पाऊल सुमारे २० सेंमीचे, म्हणजे जवळपास एक घर व्यापते. टाच ३ वर आणि अंगठा ४ च्या जवळ असला की मूल दोन्हींपैकी सोयीचा आकडा सांगते. नियम : अंगठ्याचे टोक खुणेवर. ० च्या डावीकडे रेषा वीतभर जास्त ओढलेली, म्हणजे टाच टेकायला जागा राहते.

३ जुलै

दमट हवा. मास्किंग टेप कडेने सुटतो, खडू पुसतो, चुना पायांनी पसरतो. पावसाळ्यात रेषा जमिनीवर न आखता जुन्या फ्लेक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आखायची. पुण्यात जुन्या फ्लेक्सची टंचाई कधीच नसते, कुणा ना कुणाचा वाढदिवस नुकताच होऊन गेलेला असतो.

पट्टा ६० सेंमी रुंद, साडेसहा मीटर लांब. तुकडे जोडावे लागले तर जोड दोन खुणांच्या मध्ये येईल असा कापावा. खुणेवर जोड आला की तिथे दोन रेघा दिसतात. रुंद टोकाचा परमनंट मार्कर वापरायचा, ऑइल पेंट गुंडाळताना तडकतो. गुंडाळताना आकडे बाहेरच्या अंगाला ठेवावेत. आत ठेवले तर उलगडल्यावर कडा वर वळून राहतात आणि पाय अडकतो.

धोका असा की गुळगुळीत टाइल्सवर फ्लेक्स सरकतो. उडी मारली की पट्टा मागे जातो आणि मूल पुढे. चार कोपऱ्यांना आणि मध्ये दोन ठिकाणी दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप लावला तरी फ्लेक्सवर उडी नाहीच. चालायचे : एक मूल पावले टाकते, दुसरे दर चौथ्या पावलाला टाळी वाजवते. टाळी म्हणजे एक उडी.

८ जुलै

मण्यांची माळ. १२ मिमीचे १०० मणी, दहा-दहाचे दोन रंग आलटून पालटून. मणी आणि नायलॉनची दोरी रविवार पेठेत मिळते. मणी १ मीटर २० सेंमी भरतात, दोन गाठींमधली दोरी दीड मीटर हवी. ३० सेंमी मोकळी नसेल तर गट बाजूला सरकत नाहीत. गाठ मारण्याआधी प्रत्येक रंगाचा गट दुसऱ्याकडून मोजून घ्यावा. एका गटात अकरावा मणी शिरला तर ती माळ वर्षभर चुकीची उत्तरे देते आणि दोष मुलावर जातो.

मणी मोजायचा असतो, खूण मात्र पोहोचलेली जागा दाखवते. हे दोन्ही एक नाहीत आणि मुलांना ते आपोआप कळत नाही. दुवा म्हणून कपड्यांचे चिमटे वापरायचे. चिमटा मण्यावर नाही, मण्यानंतर दोरीला. ० चा चिमटा पहिल्या मण्याच्याही आधी. चार-चार मणी सरकवून दर गटानंतर चिमटा, चिमट्याला चिठ्ठी ४, ८, १२. मग माळ फळ्यावर आडवी ताणून तिच्याखाली खडूने रेषा ओढायची, प्रत्येक चिमट्याखाली खूण करायची आणि माळ काढून घ्यायची. फळ्यावर उरते ती संख्यारेषा. वेळ कमी असला तरी हा तास गाळू नये. हा गाळला की 'खुणा मोजायच्या की घरे' हा घोळ भागाकारापर्यंत पाठलाग करतो.

माळेवर ५३ दाखव म्हटले की काही मुले ३५ वर जातात : 'त्रेपन्न' ऐकताना तीन आधी कानावर पडतात. अशा मुलांशी बोलताना 'पन्नास तीन' म्हणावे. दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये ही वाचनपद्धत आली तेव्हा बरीच ओरड झाली होती, पण माळेवर जागा शोधायला ती सरळ कामाची आहे : पाच रंग सोडा, तीन मणी पुढे. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणाऱ्यांसाठी तीसचा चिमटा लावून एक मणी मागे आणावे.

१५ जुलै

चुकीच्या उत्तरांचा तास. प्रश्न मुद्दाम एकच ठेवला, ४ × ३, आणि त्याच्या उलटा १२ ÷ ४. उत्तर वाचले तर मूल कुठे घसरले ते बहुतेक वेळा ओळखता येते, म्हणून फुली मारण्याआधी आकडा पाहायचा.

१३ आले तर सुरुवात १ वरून झाली आहे : १, ५, ९, १३. उड्या बरोबर, उभे राहण्याची जागा चुकली. लाल खुणेवर उभे करून 'आतापर्यंत किती चाललास?' विचारायचे. 'शून्य' हे उत्तर तोंडून आले की पुढे जायचे.

९ आले तर उभ्या जागेलाच 'एक' म्हटले गेले आहे. ० वर एक, १ वर दोन, २ वर तीन, ३ वर चार. चारची उडी प्रत्यक्षात तीनची पडली, आणि अशा तीन. उपाय तोंडाचा : उभे आहोत तिथे गप्प, पाय टेकला की आकडा. ही चूक सगळ्यांत चिवट. जमिनीवर सुटली तरी पट्टीवर बोट ठेवून मोजताना परत येते.

८ म्हणजे ० लाच पहिला थांबा धरले : ०, ४, ८, झाले तीन. १६ म्हणजे याच्या उलट : पहिली उडी 'तयारी'त गेली, मोजणी ४ पासून सुरू झाली. ७ आले तर गुणाकार झालेलाच नाही, ४ वर जाऊन ३ पुढे गेले आहे. त्याला रेषेची नाही, 'तीन वेळा' या शब्दाची उजळणी हवी.

१२ ÷ ४ चे उत्तर ४ आले तर थांबे मोजले आहेत, ०, ४, ८, १२. उत्तर ८ आले तर १२ मधून एकदाच ४ वजा झाले आहेत, पुढे जायचे असते हेच समजलेले नाही.

या साऱ्यामागे कारण एकच दिसते. मुलाला एका वेळी दोन मोजण्या सांभाळायच्या असतात, कुठे पोहोचलो आणि किती उड्या झाल्या, आणि दोन्हींसाठी तेच एक, दोन, तीन, चार. म्हणून काम दोघांत वाटायचे. एकजण रेषेवर चालतो आणि फक्त जागा बोलतो, 'चार, आठ, बारा'. दुसरा काही बोलत नाही, दर उडीला वाटीत एक चिंचोका टाकतो. शेवटी रेषेवर १२ असतात, वाटीत ३. गुणाकारात उत्तर रेषेवर सापडते, भागाकारात वाटीत. हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात कायम राहू द्यावे.

२२ जुलै

४ × ३ म्हणजे ४ च्या तीन उड्या की ३ च्या चार? पाढ्याने हे केव्हाच ठरवले आहे : चार एके चार, चार दुणे आठ, चार त्रिक बारा. आधी उडी, मग किती वेळा. गुण्य आधी, गुणक नंतर. मराठी माध्यमाच्या वर्गात त्यामुळे काहीच अडत नाही.

सेमी-इंग्रजीत अडते. तिथे तेच 'फोर टाइम्स थ्री' म्हणून वाचले जाते, आणि इंग्रजी व्हिडिओत रेषेवर ३ च्या चार उड्या दिसतात. घरी आजी पाढा मराठीतून म्हणून घेते, शाळेत उडी इंग्रजीतून. दोन्ही बरोबर, उत्तर १२ च, पण चित्र काढ म्हटले की मूल थबकते.

ठराव : दोन्ही वर्गांत आधी उडी, मग वेळा. फळ्यावर पहिले काही आठवडे चिन्हांच्या खाली शब्द लिहायचे, ४ खाली 'उडी', ३ खाली 'वेळा'. पेपरात कुणी ३ च्या चार उड्या काढल्या तर गुण कापायचे नाहीत, मात्र चित्राखाली शब्द लिहायला सांगायचे. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर आधी स्वतः पूर्ण पाहून क्रम कुठला आहे ते बघावे.

३० जुलै

मेट्रोची रेषा. वनाझ ते रामवाडी मार्गावर १६ स्थानके आहेत, म्हणून वनाझ ते रामवाडी प्रवासात गाडी पुढच्या स्थानकावर १५ वेळा जाते. थांबे आणि उड्या यांतला फरक सांगायला पुण्यात याहून सोपे साधन सापडणार नाही. वनाझला ० मानून भिंतीवर पट्टी : आनंदनगर १, आयडियल कॉलनी २, नळ स्टॉप ३, गरवारे कॉलेज ४, डेक्कन जिमखाना ५, छत्रपती संभाजी उद्यान ६, पुणे महानगरपालिका ७, सिव्हिल कोर्ट ८, मंगळवार पेठ ९, पुणे रेल्वे स्टेशन १०, रुबी हॉल ११, बंड गार्डन १२, येरवडा १३, कल्याणीनगर १४, रामवाडी १५.

५ च्या उड्या : डेक्कन, पुणे स्टेशन, रामवाडी. ३ च्या उड्या : नळ स्टॉप, संभाजी उद्यान, मंगळवार पेठ, बंड गार्डन, रामवाडी. दोन्ही रामवाडीवर संपतात, यावरून ३ × ५ आणि ५ × ३ चा विषय मुलेच काढतात. ४ ची उडी गरवारे, सिव्हिल कोर्ट, बंड गार्डन करत पुढे रामवाडी ओलांडून जाते. भागाकारातल्या 'बाकी'ची पहिली चाहूल इथे लागते, पण आज ती ताणायची नाही.

खबरदारी : पट्टीवर स्थानके समान अंतरावर दाखवायची आणि हे मुलांना सांगायचे. खऱ्या नकाशात अंतरे कमी-जास्त आहेत, नकाशाच भिंतीवर लावला तर उड्या वेगवेगळ्या लांबीच्या दिसतात आणि 'उडी तेवढीच' हा मूळ नियम ढिला पडतो. रोज मेट्रोने येणारे मूल वर्गात असेल तर त्याला सर्वांत आधी विचारू नये, बाकीच्यांना संधी राहत नाही.

७ ऑगस्ट

बाकावरची पट्टी. ए४ कागद आडवा, १ सेंमीला १ घर, ० ते २५. कडेला दोन-दोन सेंमी मोकळे राहतात. २ सेंमीचे घर दिसायला छान, पण ए४ वर १२-१३ पर्यंतच जाते. दर पाचवी खूण थोडी उंच, दहावी आणखी उंच. आकडे सगळ्या खुणांना.

झेरॉक्स काढताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद असल्याची खात्री करावी. तो चालू असला की १ सेंमीचे घर साडेनऊ मिमीच्या आसपास येते. एरवी काही बिघडत नाही, पण आपण उडीच्या काड्याही वापरतो आणि त्या खऱ्या सेंमीत कापलेल्या असतात. ३ सेंमीची काडी आठ वेळा ठेवल्यावर २४ च्या पुढे, जवळपास २५ च्या खुणेवर जाऊन पडते, आणि मूल प्रामाणिकपणे २५ लिहिते.

काड्या खराट्याच्या हिरांच्या. २, ३, ४, ५, ६ सेंमीच्या, टोकाला रंग वेगवेगळा. एका जोडीला प्रत्येक लांबीची एकच काडी द्यायची. बऱ्याच दिल्या तर मुले त्या ओळीने मांडून टाकतात, उड्या मोजतच नाहीत. एकच असली की ठेवावी लागते, टोकाशी पेन्सिलने टिंब करावे लागते, उचलून पुढे ठेवावी लागते. तेच हवे आहे.

पट्टीवर दोन इंची पारदर्शक चिकटपट्टी लावली तर व्हाइटबोर्ड मार्करने लिहून पुसता येते. प्लास्टिकची मोजपट्टी पर्याय म्हणून नको, तिच्यावर मिलिमीटरच्या रेघांची गर्दी असते. शिंप्याचा टेप लांब कामांना बरा, फक्त इंचाची बाजू खाली करून बाकाला चिकटवून द्यावा.

१९ ऑगस्ट

भागाकार सुरू. १२ ÷ ३ : १२ वर खूण, ३ ची काडी, ० पासून किती वेळा ठेवता येते. वाटीत चिंचोके ४.

पुढे जायचे की १२ वरून मागे यायचे, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. मागे येणे म्हणजे पुन्हापुन्हा वजाबाकी, ती भागाकाराची व्याख्या म्हणून चोख आहे, आणि बाकी शेवटी ० च्या शेजारी आपोआप उरते. पण तिसरीच्या मुलांची उलटी मोजणी कच्ची असते. २१ वरून ४ मागे जाताना ती १७ च्या ऐवजी १८ वर थांबतात, उभ्या जागेला 'एक' म्हणण्याची जुनी सवय पुन्हा उफाळते. शिवाय पाढा पुढेच जातो. आमचा कल पुढे जाण्याकडे. मागे येणे बाकी शिकवल्यानंतर, एक-दोन तास, दोन्हीकडून उत्तर तेच येते हे पाहण्यापुरते.

प्रश्नांची भाषा या टप्प्यावर एकाच प्रकारची ठेवली : १२ मीटर दोरी, ३ मीटरचे तुकडे, किती तुकडे? दोरीच्या प्रश्नात 'किती वेळा कापावी लागेल' हे आत्ता विचारू नये. तुकडे ४, काप ३, आणि नुकताच सुटलेला थांबे-उड्यांचा गुंता परत बसतो. महिनाभराने तोच प्रश्न उत्तम.

२२ ऑगस्ट

बाकी. पहिले उदाहरण निवडताना काळजी हवी. १४ ÷ ४ घेऊ नये. तीन उड्यांनी मूल १२ वर येते, १४ ला दोन कमी. चौथी उडी मारून १६ वर गेलेले मूलही 'बाकी २' म्हणते, कारण १६ मधून १४ गेले की दोनच राहतात. चुकीच्या वाटेने बाकी तीच आल्याने चूक झाकली जाते. बाकी भाजकाच्या निम्मी असेल तिथे हे होतेच. १३ ÷ ४ घ्यावे : बाकी १, ओलांडले तर ३. किंवा १७ ÷ ५ : बाकी २, ओलांडले तर ३.

नियम दोनच सांगायचे. लक्ष्य ओलांडायचे नाही. आणि अजून एक काडी मावते का ते प्रत्येक वेळी ठेवून बघायचे. १७ ÷ ५ मध्ये १० वर थांबून 'भागाकार २, बाकी ७' लिहिणाऱ्याला 'बाकी भाजकापेक्षा लहान असते' हे पाठ करून घेण्यापेक्षा १० वर पुन्हा काडी ठेवायला लावली की ते त्यालाच दिसते.

ओलांडण्यालाही अर्थ असतो, तो वेगळ्या दिवशी. १३ मुले, एका रिक्षात ३. चार उड्यांनी १२, एक मूल फुटपाथवर राहिले. रिक्षा ५ लागतील. पाचवी उडी १५ वर जाते आणि १३ ते १५ मधली दोन घरे म्हणजे रिकाम्या दोन जागा. भागाकार ४, बाकी १, पण प्रश्नाचे उत्तर ५.

२५ ऑगस्ट

गणपतीच्या सुट्टीआधीचा गृहपाठ : नैवेद्याचे २१ मोदक, एका ताटलीत ४, मग एका ताटलीत ५, मग ६. प्रत्येकाची रेषा वहीत. ७ दिलेले नाहीत, कोणी स्वतःहून करून आणते का ते पाहायचे.

९ सप्टेंबर

आता वाटणी. १२ पेढे, ३ मुले, प्रत्येकाला किती? उड्या ३ हव्यात आणि तिसरी बरोबर १२ वर संपली पाहिजे. उडी केवढी, तेच शोधायचे. रेषेवर हे अंदाजाने होते : ५ ची काडी तीनदा ठेवली तर १५, जास्त. ३ ची ठेवली तर ९, कमी. ४ ची बसते. खटाटोप वाईट नाही, मोठ्या भागाकारात अंदाज लागतोच. पण पहिल्या ओळखीला हे जड जाते.

१२ सेंमीच्या कागदी पट्टीला घड्या घालणे हा दुसरा मार्ग. दोन आणि चार भाग सहज होतात, तीन भाग मुलांकडून सारखे होत नाहीत, पाचाचा तर प्रश्नच नाही.

तिसरा मार्ग सर्वांत चांगला चालतो. पेढे खरोखर वाटायचे, पत्ते वाटतात तसे, फेरीने. एका फेरीत प्रत्येकाला एक, म्हणजे एका फेरीला ३ पेढे खर्च. ही रेषेवर ३ ची उडी. दुसरी फेरी, ६ वर. तिसरी ९, चौथी १२. फेऱ्या चार झाल्या आणि प्रत्येकाच्या हातात चार पेढे. उड्यांची संख्या हाच प्रत्येकाचा वाटा. इथे 'किती उड्या' आणि 'प्रत्येकाला किती' हे दोन प्रश्न एकाच चित्रात येतात, आणि १२ ÷ ३ ला दोन वेगळ्या गोष्टींसाठी एकच उत्तर का चालते ते मुलांना हाताने कळते. वाटणारे मूल आणि रेषेवर काडी ठेवणारे मूल वेगळे असावे, दर फेरीनंतर दोघांनी थांबावे. पेढ्यांच्या जागी खडू किंवा चिंचोके घ्यावेत. खरे पेढे असले तर तिसऱ्या फेरीपर्यंत हिशेब जुळत नाही.

१८ सप्टेंबर

शून्य आणि एक. ५ × ० : ५ ची काडी हातात, एकदाही ठेवायची नाही, आपण ० वरच. ० × ३ : जागच्या जागी तीन उड्या, चिंचोके तीन, जागा शून्य. दोन्हींचे उत्तर ०, वाट्या मात्र वेगळ्या. ० ÷ ४ : लक्ष्य ० आहे, आधीच तिथे उभे आहोत, वाटी रिकामी.

१२ ÷ ० साठी रेषेइतके सरळ दुसरे काही नाही. ० लांबीची उडी मारत १२ वर कधी पोहोचणार? चिंचोके टाकत राहा, मूल हलत नाही. 'उत्तर नाही' हे मुलेच म्हणतात. 'उत्तर ०' म्हणणाऱ्याला ० चिंचोक्यांत १२ वर पोहोचून दाखवायला सांगावे.

२६ सप्टेंबर

रेषेला जे जमत नाही ते. ३ च्या पाच उड्या वर आणि ५ च्या तीन उड्या खाली काढल्या की दोन्ही १५ वर भेटतात, पण का भेटतात ते रेषा सांगत नाही. ते सांगायला ठिपक्यांची रांगा-स्तंभ मांडणी हवी : ३ रांगांत ५ ठिपके, कागद फिरवला की ५ रांगांत ३. अर्धा तास रेषा बाजूला ठेवून हे करावे. एकाच साधनाने सगळे शिकवण्याच्या हट्टापायी साधनच कंटाळवाणे होते.

उड्या जोडणे मात्र रेषेला छान जमते. ७ × ८ अडले? ७ च्या पाच उड्या, ३५. अजून तीन, २१. छप्पन्न.

९ ऑक्टोबर

चौथीचा वर्ग, रिकामी रेषा. आकडे छापलेले नाहीत, माप नाही, मूल लागतील तेवढ्याच खुणा करते. ९६ ÷ ८ : ८ च्या दहा उड्या एकदम, एक मोठी कमान, तिच्यावर १०, खाली ८०. मग दोन उड्या, ९६. कमानींवरचे आकडे मिळवायचे : १० आणि २, बारा. १३७ ÷ ६ : वीस उड्यांना १२०, दोन उड्यांना १३२, बाकी ५. उत्तर २२, बाकी ५.

इथे होणारी मुख्य गफलत : कमानीवरचा आकडा आणि खालचा आकडा यांची अदलाबदल. मूल कमानीवर ८० लिहिते आणि खाली १०. तिसरीतल्या वाटीची आठवण इथे उपयोगी पडते, कमान म्हणजे वाटी. दुसरी गफलत म्हणजे मोजून मापून कमानी काढत बसणे. दहा उड्यांची कमान दोन उड्यांच्या कमानीच्या पाचपट लांब असायची गरज नाही, मोठी दिसली की पुरे. मोजपट्ट्या दप्तरात ठेवायला सांगाव्यात.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या, दर ८ पायऱ्यांनी दम खायचा. ८०, ९६, आणि ७ पायऱ्या उरतात. किती वेळा थांबलो, १२. बाकी ७ असताना 'जवळजवळ १३' म्हणणाऱ्यांना खोडू नये, अदमास म्हणून ते बरोबरच आहे.

१० नोव्हेंबर

तिसरीत पट्टी कोणाला अजून लागते ते पाहिले. चाचणी कागदावरची नाही. ६ × ७ विचारायचे आणि डोळे कुठे जातात ते बघायचे. पट्टीकडे गेले तर पट्टी राहू द्यावी. वर पाहून 'छत्तीस… बेचाळीस' म्हटले तर रेषा डोक्यात गेली आहे, पट्टी उचलली तरी चालेल. 'सहा एके सहा'पासून सुरुवात केली तर अजून माळेवर काम बाकी आहे.

चौथीला निमकी-पावकीसाठी, म्हणजे अर्ध्याच्या आणि पावच्या पाढ्यांसाठी, वेगळी पट्टी लागते. १ सेंमीच्या घरात पावच्या खुणा काढायला जागा नाही. १ ला ८ सेंमी, ० ते ३, एकूण २४ सेंमी, ए४ वर बसते. पावची उडी २ सेंमी, अर्ध्याची ४ सेंमी, जुन्याच काड्या चालतात. पावच्या सहा उड्या : २, ४, ६, ८, १०, १२ सेंमी, म्हणजे दीडची खूण. पट्टीवर सेंमीचे आकडे छापू नयेत, नाहीतर उत्तर १२ येते.